क्लॅरिनेटवाल्याला सांग

"जा. त्या क्लॅरिनेटवाल्याला सांग, सूर लागत नाही म्हणावं. बंद कर."

बुवांनी मला सांगितलं. वाईत, भर रस्त्यात, त्यांच्या नातवाच्या मुंजीच्या भिक्षावळीत. पुढं बँड, त्यामागं नटवलेला बटू, मग बायका, मग बुवा आणि बुवांच्या मागं आम्ही सहा शिष्य. पांढऱ्या झब्ब्यातले. अनवाणी. बुवा सोवळ्यात, अनवाणी चालत होते म्हणून आम्हीही चपला कार्यालयात काढून आलो होतो. दुपारचे चार वाजून गेले होते. डांबर अजून मऊ होतं.

सहांतून मलाच का? तर, "तू साताऱ्याकडचा. तुझी भाषा त्यांना कळेल."

मी गेलो. बायकांमधून वाट काढत, बटूला वळसा घालून, पुढं. क्लॅरिनेटवाला डोळे मिटून वाजवत होता. लाल कोट, सोनेरी बटणं, खांद्यावर झुबके, डोक्यावर तुरा लावलेली टोपी. मी त्याच्या समोर उभा राहिलो आणि बुवांच्या घरी दोन वर्षांत कमावलेल्या स्वच्छ मराठीत म्हणालो,

"अहो, तुमचा सूर लागत नाहीये. बंद करा. बुवांनी सांगितलंय."

त्यानं डोळे उघडले. क्लॅरिनेट तोंडातून काढली. अंगठ्यानं तिची फुंकायची पत्ती पुसली.

"बरं साहेब," तो म्हणाला. "चुकलं."

तो माझा बाप होता.

हे एका दमात लिहून टाकलं ते बरं झालं. एरवी मी आमच्या घराण्यातला गोष्टी सांगणारा माणूस. घराणं म्हणजे गाण्याचं नव्हे, भाऊबंदांचं. लग्न असो, बारसं असो, कुणी वारल्यावरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असो, जेवणं झाली की मला मधे बसवतात आणि म्हणतात, "सांग रं." मी सांगतो. हसवतो. बहुतेक स्वतःवरच हसवतो. त्यात कुणाचं भांडण अंगावर येत नाही. ही गोष्टही मी पुष्कळदा सांगितली आहे. पण अशी नाही. ते पुढं येईल.

आमची वस्ती कोरेगाव तालुक्यातली. माझा आज्या सनई वाजवायचा. गावकीची सनई. देवाच्या पालखीपुढं, पाटलाच्या वरातीपुढं, सांगतील तेव्हा, सांगतील तितकं. धम्म घेतला त्या वर्षी आज्यानं सनई चुलीत घातली. आजी सांगायची, "त्या दिशी भाकरी लय झ्याक भाजली." एवढंच सांगायची. आज्या रडला का, ते कधी सांगितलं नाही.

आणि त्याच आज्याच्या पोटी माझा बाप. आबा. तालुक्यातल्या एका बँड कंपनीत क्लॅरिनेट वाजवायचा. आज्या मरेपर्यंत त्याच्याशी धड बोलला नाही. म्हणायचा, "आमी टाकलं त्ये तू उचाललंस." आबा खाली बघून उत्तर द्यायचा, "तुमी हुकमानं वाजवत हुता. मी सुपारी घिऊन वाजवतो. नको वाटलं तर न्हाई म्हणतो." तो कधी कुणाला नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही. पण म्हणता येतं, एवढ्यावर त्याचं समाधान होतं.

मला आवाज होता. बारीक होतो, काळा होतो, गणितात नापास होतो, पण आवाज होता. शाळेत गॅदरिंगला गायलो आणि आमचे एक मास्तर म्हणाले, "याला सांगलीला पाठवा." सांगलीच्या गावभागात बुवा राहायचे. मोठे गवई. रेडिओवर गायचे. मास्तरांनी चिठ्ठी दिली. बारावीनंतर मी कॉलेजच्या नावाखाली सांगलीला आलो, समाजकल्याणच्या वसतिगृहात खाट घेतली आणि चिठ्ठी घेऊन बुवांच्या दारात उभा राहिलो.

आमचं आडनाव असं आहे की ते पाटलाच्या वाड्यातही आहे आणि आमच्या वस्तीतही. त्यावरून काही कळत नाही. ही आमच्या आडनावाची मोठी सोय. बुवांनी आडनाव ऐकलं, जिल्हा ऐकला आणि स्वतःशीच मान हलवली. मग विचारलं,

"वडील काय करतात?"

मी म्हणालो, "मिलिटरीत आहेत."

"वा. मिलिटरीत काय?"

खोटं बोलावं तर पुरतं बोलावं. मला कधीच जमलं नाही. मी अर्धा खरेपणा मधे घुसडतोच. म्हणालो, "मिलिटरीच्या बँडात."

बुवा खूश झाले. "म्हणजे संगीत रक्तात आहे तर!" आत बघून हाक मारली, "अहो, चहा टाका. फौजीचा मुलगा आलाय."

साताऱ्याकडं घरटी एक फौजी. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. मामाकडं विश्रामबागेत राहतो, असंही सांगून टाकलं. मामा माझा उभ्या जन्मात सांगलीला आला नव्हता.

दोन वर्षं शिकलो. खरं शिकलो, हेही सांगायला हवं. बुवा देणारे होते. पहाटे पाचला दार उघडं असायचं. एक स्वर आठ-आठ दिवस घोटून घ्यायचे. रागावले तर तंबोऱ्याची गवसणी फेकून मारायचे आणि पाच मिनिटांनी काकूंना सांगायचे, "त्याला पोहे द्या." मी त्यांचा तंबोरा देवघराशेजारच्या खोलीतून उचलून आणायचो, लावायचो, परत नेऊन ठेवायचो. ते काम दुसऱ्या कुणाला देत नसत. मला वाटायचं, हे माझं घर आहे.

आणि सुट्टीत घरी गेलो की मला दुसरंच वाटायचं. तोंडातून 'आहे', 'नाही' निघायचं. बहीण टाळ्या पिटून नाचायची, "भटजी आला, भटजी आला!" एका जयंतीला वस्तीनं गायला उभं केलं. मी डोळे मिटून आलाप सुरू केला. दोन मिनिटं झाली, तीन झाली. मागनं कुणीतरी ओरडलं, "आरं गाणं म्हण की! गुळण्या काय करतोयस?" सगळी वस्ती हसली. मीही हसलो. सांगलीत पाटलाचा पोर आणि वस्तीत भटजी. मी नक्की कुठं होतो, हे विचारायला माझ्याकडं माणूस नव्हता.

आबा नव्हता हसला. तो सुट्टीभर उंबऱ्यात बसून ब्लेडनं क्लॅरिनेटच्या पत्त्या तासायचा आणि मी आत रियाज करायचो. बुवांनी मला मुलतानी रागातली एक चीज दिली होती. बुवांच्या गुरूंची. त्यांच्या घराण्याबाहेर कुणाकडं नाही, असं ते सांगायचे. मी ती दिवसातनं पन्नासदा घोकायचो. आबा एकदाही वर बघायचा नाही. पत्ती तासायचा, उन्हात धरून बघायचा, फुंकर मारायचा.

मग ती मुंज आली. बुवांचं मूळ गाव वाई. आम्ही शिष्य आदल्या दिवशीच गेलो. वाढायला, पाट मांडायला, पाहुण्यांच्या बॅगा उचलायला. ऐन लग्नसराई, वाईतले बँड आधीच गेलेले. कार्यालयाच्या मॅनेजरनं कुठून कुठून चौकशी करून कोरेगावकडचा बँड ठरवला. हे मला माहीत नव्हतं. सकाळी टेम्पो आला. मी केळीचे खुंट बांधत होतो. टेम्पोतून पहिल्यांदा ढोल उतरला, मग साईड ड्रम, मग साईड ड्रम वाजवणारा नामूतात्या, मग आबा.

नामूतात्या आमच्या शेजारचा. तोंडाचा फाटका. मला बघून त्यानं दोन्ही हात वर केले, "आरं, ह्यो तर आपला..."

आबानं त्याच्या पायावर पाय दिला. मी पाहिला तो पाय.

मग आबानं माझ्याकडं पाहिलं. पांढरा झब्बा, कपाळाला गंध, हातात केळीचा खुंट. त्याला सगळं कळलं. मी तिथं काय म्हणून आहे, काय सांगून आहे, सगळं. त्यानं तोंड फिरवलं आणि टेम्पोवाल्याला म्हणाला, "गाडी सावलीला लाव, गड्या." बस्स. माझं खोटं मी एकट्यानं बोललो होतो. त्या सकाळपासून ते दोघांचं झालं.

दुपारी पंगती झाल्या. मी बुवांच्या शिष्यांत बसलो. बँडवाले शेवटी, मागं पत्र्याच्या शेडखाली. मी मठ्ठा वाढायला मागं गेलो तर आबा भिंतीकडं तोंड करून बसलेला. द्रोण मागं सरकवला, मान वळवली नाही. नामूतात्या म्हणाला, "वाढा मालक, वाढा." हसून म्हणाला. मी त्याला दोनदा वाढलं.

आणि चारला भिक्षावळ निघाली. घाटावरच्या गणपतीला जायची. बँडनं आधी दोन सिनेमातली गाणी वाजवली. मग बाकीचे थांबले आणि एकटी क्लॅरिनेट सुरू झाली. नामूतात्यानं खाली हळू ठेका धरला.

पहिल्या चार स्वरांतच माझे पाय थांबले. मुलतानी. ती चीज.

त्यानं ती पत्त्या तासता तासता कानानं उचलली होती. सबंध. मुखडा, अंतरा, मला न जमणारी ती वरची जागासुद्धा. रस्त्यावर, लाल कोटात, सायकली आणि रिक्षांच्या मधे. वेळ मुलतानीचीच होती, तेही त्याला ठाऊक असावं, कारण मी घरी दुपारीच ती म्हणायचो. तो कुणासाठी वाजवतोय हे त्या सबंध मिरवणुकीत मला एकट्याला कळत होतं. तोंड फिरवलेला माणूस माझ्याशी बोलत होता.

बुवांच्या शेजारी पुण्याचे एक पाहुणे चालत होते. संगीतावर लिहिणारे. ते थांबले, कान दिला आणि मोठ्यांदा हसले.

"बुवा, तुमचं घराणं फारच पसरलं की हो! थेट बँडात!"

बुवांचा चेहरा उतरला. मी तो कधी तसा पाहिला नव्हता. वळून आम्हाला विचारलं, "ही चीज याला कुणी दिली?"

पाचजण एकमेकांकडं बघायला लागले. सहावा मी.

"माझ्या गुरूंनी मला बारा वर्षं पाणी भरायला लावून दिली ही. कुणी दिली याला?"

मी गटाराकडं बघत होतो.

मग ते "जा" म्हणाले. आणि मी गेलो. ते वर लिहिलं आहे.

आबाचा गंधार चढा लागत होता का? होता. थोडा. सनईवर आज्याचाही तसाच लागायचा, असं आजी सांगायची. ती सांगायची म्हणून धरायचं. ती चूक होती की आमच्याकडची रीत, ते मी इतकी वर्षं शिकवतोय तरी मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण एक सांगता येतं. त्या रस्त्यावर बुवांना टोचलं ते गंधारामुळं नव्हे. सूर लागत होता म्हणून टोचलं.

"चुकलं" म्हणून झाल्यावर आबा नामूतात्याकडं वळला. "सिनेमातलं घे रं." नामूतात्यानं माझ्याकडं पाहिलं. ह्या खेपेला तो हसला नाही. त्यानं काठ्या उचलल्या. गाणं सुरू झालं, बायका नाचायला लागल्या, बटूवर फुलं पडली. मी वळसा घालून परत आलो, बुवांच्या मागं माझ्या जागेवर. बुवा म्हणाले, "ऐकलं ना त्यानं?"

"हो बुवा."

दुसऱ्या दिवशी मी कोरेगावला गेलो. आई म्हणाली, "कशी झाली रं मुंज?" मी काही बोलायच्या आत आबानं उत्तर दिलं, "झ्याक झाली. मान्सं चांगली हुती." मग थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता तिला म्हणाला, "पोराच्या पायाला तेल लाव. फोड आलं आसतील." आले होते. आई तेल लावत बसली आणि विचारत राहिली की चपला का घातल्या नव्हत्या.

दुपारी मी रियाजाला बसलो. तंबोरा नव्हताच घरी, पेटीवर षड्ज धरला. आबा उंबऱ्यात होता. त्यानं ब्लेड कागदात गुंडाळलं, पत्त्या डबीत घातल्या आणि उठला.

"कुठं निघालास?"

"येतो जरा."

तिसऱ्या दिवशीही तेच. मी बसलो की तो उठायचा. उन्हातनं जाऊन पिंपरणीच्या झाडाखाली बसायचा. चौथ्या दिवशी मी त्याला आडवा आलो. "आबा, बस की. ऊन लागंल."

तो म्हणाला, "न्हाई रं. तुजी इद्या हाय ती. माज्या कानाला लागली तर पुन्ना त्वांडातनं निघंल."

बाप स्वतःच्या घरात, स्वतःच्या उंबऱ्यात बसायला भ्यायला लागला होता. माझ्या गाण्याला भ्यायला लागला होता. रस्त्यातल्या त्या वाक्यानं मला जेवढं कळलं नव्हतं, ते पिंपरणीखालच्या पाठमोऱ्या माणसाकडं बघून कळलं. मी पेटी बंद केली.

सांगलीला परतलो तर तंबोरा बाहेर आणून ठेवलेला. देवघराशेजारच्या खोलीचं दार ओढलेलं. मी काही न विचारता तंबोऱ्यापाशी बसलो. बुवा आले. बँडच्या मालकानं जाता जाता कुणाला तरी कौतुकानं सांगितलं होतं, आमच्या क्लॅरिनेटवाल्याचं पोरगं तुमच्याकडंच शिकतंय की. बुवांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मिलिटरी वगैरे... असो. मी तुला काढत नाही. मी तसल्या विचारांचा माणूस नाही. जातबीत मी मानत नाही, हे तुला दोन वर्षांत कळलं असेल."

मी म्हणालो, "हो बुवा."

"पण विद्या बाहेर गेली. ती तुझ्यातून गेली. त्याला काहीतरी बंधन हवं." त्यांनी तंबोऱ्याकडं बोट केलं. "यावर हात ठेव. शपथ घे. माझी कुठलीही चीज तुझ्या घरी गाणार नाहीस. वडिलांच्या कानावर पडू देणार नाहीस. गुरुपौर्णिमेला मी तुला बसवतो. पुण्याचे तेच पाहुणे येणार आहेत. त्यांच्यासमोर अर्धा तास देतो तुला." मग जरा थांबून, अगदी मायेनं, "आणि घरचं कुणाला सांगत बसू नकोस. आडनाव चांगलं आहे तुझं. कुणी विचारणार नाही."

मी हात ठेवला. हेही लिहितो. हात मी ठेवला होता. तंबोऱ्याचा भोपळा गार होता. पुढचं वाक्य म्हणायचं होतं, 'मी शपथ घेतो की'. एवढं म्हटलं की मी गवई. अर्धा तास. पुण्याचे पाहुणे. रेडिओ.

माझ्या डोळ्यासमोर क्रांतीबिंती काही आली नाही. मला एवढंच दिसलं की पुढचं सबंध आयुष्य मी गायला बसेन आणि माझा बाप उठून उन्हात जाईल. आणि त्याला उठवायला कुणाला पाठवावंही लागणार नाही.

मी हात काढला.

"बुवा, बाप घरात राहतो. घर त्याचं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी घरी गाणार. तो ऐकणार. त्याला यायचं तेवढं येणार. तो वाजवणार."

"आणि माझी विद्या?"

"तुम्ही दिली ती मला दिली. शपथेवर दिली नव्हती."

बुवांनी तंबोरा उचलून स्वतःकडं घेतला. मग म्हणाले, "शेवटी गेलास ना वळणावर."

मी चपला घातल्या. काकू दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात पोह्यांची ताटली होती. त्यांनी ती पुढं केली नाही, मागंही घेतली नाही.

आता इथं कुणाला वाटेल की पोरगं ताठ मानेनं घरी आलं आणि बापानं मिठी मारली. मी घरी आलो. आबाला म्हणालो, "सोडलं बुवांना." का सोडलं ते सांगितलं. वाटलं, खूश होईल. तो पत्ती तासत होता. ब्लेड थांबलं.

"सोडलंस?"

"व्हय."

"मग मी कशापायी थांबलो रं?"

त्यानं रस्त्यात क्लॅरिनेट तोंडातून काढली ती माझी जागा राहावी म्हणून. 'साहेब' म्हणाला तेही त्यासाठी. पिंपरणीखाली बसला तेही. आणि मी ती जागाच सोडून आलो होतो. चार महिने तो माझ्याशी बोलला नाही. पण उंबऱ्यात बसायला लागला. मुलतानी मात्र पुन्हा कधी त्यानं वाजवली नाही. मी पुष्कळदा म्हणालो. "ऱ्हाऊं दे," म्हणायचा. "ती साहेबांची हाय." कुठला साहेब, हे त्यानं कधी सांगितलं नाही.

आबाची फुप्फुसं गेली होती. दोन वर्षांपूर्वी तो वारला. मी माफी मागितली नाही. मागायला जायचो आणि त्याची औषधाची गोळी दुधात विरघळवून परत यायचो.

मी गवई झालो नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मी संगीत शिक्षक आहे. संगीत शिक्षक म्हणजे पाहुणे आले की स्वागतगीत, पाहुणे गेले की वंदे मातरम्. मधल्या वेळात मराठीचे सर आले नाहीत तर निबंध. शाळेतल्या पोरांना मी ती चीज शिकवतो. निम्म्यांना तोंडपाठ आहे. एक तर ट्रॅक्टरवर बसून म्हणतो.

आणि मी जयंतीला भाषण करतो. दरवर्षी, आमच्या वस्तीत. त्यात ही गोष्ट सांगतो. लोक वाट बघतात तिची. त्यात बुवा स्वतः रागारागानं पुढं येतात, आबाच्या तोंडातली क्लॅरिनेट हिसकतात आणि म्हणतात, 'तुझ्या लायकीचं वाजव!' मग मी गर्दीतून धावत येतो आणि म्हणतो, 'तो माझा बाप आहे!' टाळ्या. शिट्ट्या. पोरं मोबाईलवर काढून पाठवतात एकमेकांना. दहा-बारा वर्षं मी हे सांगतोय. आबा होता तोवर भाषणाला यायचा नाही, घरीच बसायचा. सांगून सांगून मला ते दिसायलाही लागलं होतं.

नामूतात्या दरवर्षी पहिल्या रांगेत असतो. गुडघे गेलेत, काठी लागते, पण येतो. ऐकतो. टाळ्याही वाजवतो.

या वर्षी जयंतीच्या आधी आठ दिवस मला एक फोन आला. "सर, मी निनाद. बुवांचा नातू. माझी मुंज तुम्हाला आठवत असेल." आवाज गोड. पुण्यात नोकरीला आहे. बुवांची जन्मशताब्दी करतायत सांगलीत. शिष्यांची मनोगतं आहेत. "तुम्ही दोन मिनिटं बोला ना, सर. आजोबांनी कधी जात पाहिली नाही, एवढंच. हल्लीच्या काळात हे सांगायला हवं. आणि तुमच्या तोंडून ते जास्त..." तो अडखळला. चांगला पोरगा असावा. मी काय म्हणालो?

मी म्हणालो, "बघतो. येतो."

मला नाही म्हणता आलं नाही. पंचेचाळिशी आली तरी.

आठ दिवसांनी जयंतीला माझं भाषण झालं. तीच गोष्ट. बुवांनी क्लॅरिनेट हिसकली, मी धावलो, टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर विहाराच्या पायरीवर नामूतात्या बसलेला. मी वाकून त्याच्या पायाला हात लावला.

"लय भारी सांगतोस," तो म्हणाला.

"तुमचा आशीर्वाद, तात्या."

"दर सालाला वाढीव आसतंय."

मी हसलो. तो हसला नाही.

"मी हुतो तितं," तो म्हणाला. "ड्रम माज्याच गळ्यात हुता."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. विचारलं, "इतकी वर्सं बोलला न्हाईसा, तात्या?"

"तुजा बा म्हनला हुता, कुनाला सांगू नगंस. त्या दिशी, टेम्पूत." त्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "त्यो ग्येला. मग म्या वाट बगितली, तू कवा सांगतोस."

मंडपात डीजेची जुळवाजुळव चालली होती. नामूतात्या उठला, एक पायरी उतरला आणि वळून म्हणाला, "त्या बामनाला तू राक्षस केलास रं. त्यो काय राक्षस नवता. त्यानं नुसतं सांगितलं. आला तू हुतास."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत मी निनादला फोन लावला. म्हणालो, "बुवांनी जात पाहिली नाही, असं मी बोलणार नाही. मी यायचं असेल तर तुमच्या मुंजीत काय झालं ते सगळं बोलेन. दोन मिनिटं पुरणार नाहीत."

तो म्हणाला, "सर, कार्यक्रमाला शोभेल असं काहीतरी..."

"नाही," मी म्हणालो.

शब्द एवढा लहान असतो, हे मला माहीत नव्हतं. पुढं त्याला मी काय झालं ते सांगितलं. बुवा काय म्हणाले, मी काय म्हणालो, आबा काय म्हणाला. घंटा झाली म्हणून मी फोन ठेवला. त्यांचं निमंत्रण पुन्हा आलेलं नाही. येऊ नये.

हे लिहिलेलं मी येत्या पौर्णिमेला आमच्या विहारात वाचणार आहे. भाषण नाही, वाचन. म्हणजे हात हलवायला आणि वाढीव घालायला जागा राहणार नाही. नामूतात्याला पहिल्या रांगेत बसवायला सांगितलंय. माझी पोरगी असेल, बहीण असेल, आबाच्या क्लॅरिनेटवर नाचलेली सगळी वस्ती असेल. बुवांनी मला पाठवलं, हे मी वाचीन, त्यातला एक शब्द मऊ करणार नाही. आणि मी गेलो, हे वाचीन. "अहो, तुमचा सूर लागत नाहीये," हे ज्या आवाजात म्हणालो होतो त्याच आवाजात वाचीन.

सांगलीत याला टाळ्या पडल्या नसत्या. वस्तीतही पडणार नाहीत. कुणी उठून जाईल. कुणी म्हणेल, आपलंच नाक आपण कशाला कापायचं. म्हणू दे. ज्यांना हा गोष्ट सांगणारा माणूस आपला वाटेनासा होईल त्यांना वाटेनासा होऊ दे. मी मधे थांबणार नाही, आणि थांब म्हणून मला सांगायला कुणी कुणाला पाठवू नये. ज्याला सांगायचंय त्यानं स्वतः पुढं यावं.